घरगुती काम

यशवंतराव कळंबे सूतगिरणीच्या टाइम ऑफिसात बसायचे. हजेरी पाहायची, पाळी बदलली की माणसं इकडची तिकडं करायची, उशिरा येणाऱ्याकडे चष्म्यावरून बघायचं, हे त्यांचं पगाराचं काम. पण गिरणीत त्यांना जो मान होता तो या कामामुळे नव्हता. हजेरीवाल्याला कोण मान देतो? त्यांचं खरं काम कंपनीच्या एकाही कागदावर नव्हतं. गिरणीतल्या कुणाच्या घरचं माणूस गेलं, तर ती बातमी वाटेत कळू न देता त्याला घरापर्यंत पोचवायचं, हे ते काम.

गिरणी सौंसरहून नागपूरकडे जाताना लागते. कंपनी मोठी. मुख्य कार्यालय मुंबईला, कारखाने चार-पाच राज्यांत. आत मोबाइल न्यायला सक्त मनाई होती. गेटवर भिंतीला लाकडी खणांची एक मांडणी ठोकलेली होती, आत जाताना ज्याने त्याने आपला मोबाइल आपल्या खणात ठेवायचा. नेला आणि सापडला तर मेमो. त्यामुळे आसपासच्या गावांत, रामाकोना असो की मोहगाव, घरात काही बरंवाईट झालं की लोक गेटवरच्या जुन्या टेलिफोनवर फोन करत आणि म्हणत, "कळंबेसाहेबाले द्या."

यशवंतराव फोन ठेवत, तोंडावरून एकदा हात फिरवत आणि खात्यात जात. तिथं घाई नाही. खरं तर अशी एक चक्कर ते रोजच मारत, काही काम नसताना. कुणाला विचारत, पोरगी चालाले लागली का. कुणाकडे बारशाचे पेढे मागत. नव्या सुपरवायझरला वाटे, म्हातारा कामचुकार आहे. पण ही चक्कर मुद्दाम असे. यशवंतराव फक्त वाईट बातमी घेऊनच येतात असं एकदा ठरलं असतं, तर त्यांच्या चपला दिसताच माणसं मशीनपाशी मटकन खाली बसली असती.

"चाल रे, घरून बोलावलं आहे," ते म्हणत. "आईची तब्येत जराशी नरम आहे. डॉक्टर आला आहे, पण तू जवळ असला तं बरं." बस, एवढंच. मग गेटपास. त्यावर कारण लिहावं लागे आणि तिथं ते वर्षानुवर्षं एकच कारण लिहीत आले: घरगुती काम. मग त्या माणसाला आपल्या स्कूटरवर मागं बसवायचं.

आणि वाटेत खाऊ घालायचं. हे त्यांनी कधी चुकवलं नाही. घरी गेल्यावर चूल पेटणार नाही, शेजारून कुणी डबा आणला तरी घास उतरणार नाही, हे त्यांना ठाऊक. म्हणून सौंसरच्या बसस्टँडजवळ ठरलेल्या हॉटेलात स्कूटर थांबे. "मलेच भूक लागली बावा, सकाळपासून पोटात काही नाही," असं म्हणत ते दोन प्लेटी आलूबोंडे मागवत आणि समोरच्याला बळेच खायला लावत. मग गाव आलं की घराच्या अलीकडच्या वळणावर स्कूटर बंद करायची, खांद्यावर हात ठेवायचा आणि सांगायचं. सांगितलं की लगेच घर. घरात आई, बहिणी, शेजारी. "माणूस कोसळला तं धराले हात पाहिजे," असं ते म्हणत.

शिकलेली माणसं यावर नाक मुरडतात. म्हणतात, मोठ्या माणसाला काय लहान पोरासारखं फसवायचं, सरळ सांगावं. सांगावं ना. ज्यांना सरळ सांगितलं गेलं त्यांना विचारून पाहावं. यशवंतराव तरुण असताना इटारसीला कामाच्या शोधात गेले होते. परत येताना पांढुर्ण्याच्या स्टेशनावर उतरले, तर गावाकडचा एक ओळखीचा माणूस समोरून आला आणि चालता चालता म्हणाला, "काल तुह्या भावाची माती झाली, तू दिसला नाही." त्याची गाडी सुटत होती, तो पळाला. यशवंतराव पुढचा सगळा प्रवास भरलेल्या बसमध्ये दांडा धरून उभे होते. शेजारचा माणूस तिकिटाच्या सुट्या पैशांवरून कंडक्टरशी भांडत होता. इतक्या माणसांत एकाला हाक मारावी असं कुणी नव्हतं. त्या दिवशी त्यांनी मनाशी ठरवलं, की आपल्याच्यानं होईल तितकं, हे कुणाला असं एकट्यानं ऐकू द्यायचं नाही.

तर असं सगळं नीट चाललेलं असताना कंपनीला मोबाइलचं वेड लागलं.

मुंबईहून हुकूम आला. आता सगळं मोबाइलवर. हजेरी मोबाइलवर, पाळी मोबाइलवर, रजा मोबाइलवर, साहेबाची शाबासकीसुद्धा मोबाइलवर. इतकी वर्षं मोबाइल आत नेला म्हणून मेमो मिळायचा, तो आता नेला नाही म्हणून मिळायला लागला. गेटवरची खणांची मांडणी उखडून कँटीनच्या मागं टाकली गेली. यशवंतरावांनी ती तिथं पडलेली पाहिली आणि त्यांना खरोखरच धक्का बसला. ज्या गोष्टीसाठी त्यांनी माणसांची बोलणी खाल्ली, पोरांचे खिसे तपासले, ती गोष्ट चूक होती असं एका सकाळी ठरून गेलं होतं, आणि कुणी तसं सांगितलंही नव्हतं.

कंपनीने जे अ‍ॅप काढलं त्याचं नाव 'परिवार'. त्यात एक भिंत होती, तिला म्हणायचं 'अंगण'. अंगणात सगळ्या कारखान्यांतल्या लोकांनी फोटो टाकायचे, एकमेकांचं कौतुक करायचं, हृदय द्यायचं, अंगठा द्यायचा. कुठल्या कारखान्याचं अंगण किती गजबजलेलं आहे याचा क्रम दर आठवड्याला लागायचा. सौंसरचा कारखाना तळाला. आमच्याकडची माणसं बोलायला कमी नाहीत, पण ती समोरासमोर बोलतात. रोज डब्याला एकत्र बसणाऱ्या माणसाला मोबाइलवरून सुप्रभात कशाला म्हणायचं, हे त्यांना समजेना.

हे सगळं शिकवायला मृणाल मॅडम आल्या. नागपूरच्या, वयाने यशवंतरावांच्या मुलीएवढ्या. कर्मचारी विभागात त्यांची ही पहिलीच मोठी नोकरी. पोरगी मनाची चांगली होती, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं वाचून तुम्ही तिला शिव्या घालाल. तिने दोन दिवसांत ओळखलं, की या गिरणीत लोक मॅनेजरचं ऐकत नाहीत इतकं कळंबेकाकांचं ऐकतात. तिने त्यांना 'परिवारमित्र' नेमलं. कंपनीने त्यांना नवा मोबाइल दिला.

आणि खोटं कशाला बोला, यशवंतरावांना ते आवडलं. त्यांनी आपल्या परसातल्या संत्र्याच्या झाडाच्या बहराचा फोटो काढून अंगणात टाकला. तमिळनाडूच्या कारखान्यातल्या कुणा माणसाने त्यावर लाल हृदय दिलं. त्यांनी ते बायकोला, सरलाबाईंना, कौतुकानं दाखवलं.

सरलाबाईंनी चष्मा लावून पाहिलं. "ओळख ना पाळख," त्या म्हणाल्या, "आन् दिल देऊन राहिला थो."

एकदा मात्र त्यांना खटकलं. दुसऱ्या कुठल्या कारखान्यातल्या एका फिटरच्या निधनाची बातमी अंगणात आली. खाली शेकड्यांनी अंगठे. यशवंतराव मोबाइल घेऊन मृणालकडे गेले.

"मॅडम, माणूस मेला त्याले अंगठा कायचा देऊन राहिले लोक?"

"काका, त्याचा अर्थ इतकाच, की आम्ही वाचलं."

"वाचलं तं गप बसावं," यशवंतराव म्हणाले. पण मग त्यांनी विषय सोडला. आपल्यालाच कळत नसेल, असं त्यांना वाटलं. नव्या गोष्टीपुढं म्हाताऱ्या माणसाला असं फार लवकर वाटतं.

दिवाळीनंतर गेटपासही मोबाइलवर आला. त्यात कारण लिहायचं नव्हतं, निवडायचं होतं. आजारपण. वैयक्तिक. निकटवर्तीयाचे निधन. आणखी दोन-चार. मृणालने सगळ्यांना कँटीनमध्ये बसवून समजावलं. वैयक्तिक निवडलं तर खातेप्रमुखाची मंजुरी लागणार, त्याला वेळ जाईल. पण घरी कुणी गेलं असेल तर मंजुरीची गरज नाही, गेट लगेच उघडेल. यासाठी ती मुख्य कार्यालयाशी भांडली होती आणि ते सांगताना तिच्या चेहऱ्यावर समाधान होतं. "फक्त परिवारमध्ये माहिती खरी भरायची," ती म्हणाली. "पूर्वी सगळ्यांचंच घरगुती काम असायचं." लोक हसले. यशवंतरावही हसले.

बागांतून संत्री उतरवायचा तोडा जोरात सुरू होता, त्या दिवसांतली ही गोष्ट. सकाळची पाळी अर्धी झाली असेल. गेटवरचा टेलिफोन वाजला. हल्ली तो क्वचितच वाजायचा. पलीकडे रामाकोन्याचा गजेंद्र होता, गिरणीत काम करणाऱ्या चेतनचा शेजारी.

"कळंबेसाहेब, चेतनचे बाबा गेले जी. अंगणात बसले होते. चहा मांगला काकूले. काकू चहा घेऊन येते तं मान कलंडली होती."

यशवंतरावांनी भिंतीला हात टेकला. चेतनचे वडील, तुळशीराम, त्यांच्या ओळखीचे होते. दर वर्षी तोडा झाला की ते संत्र्यांची पिशवी घेऊन गेटवर येत.

"चेतनले कोणी फोन केला का?"

"नाही. काकूनं सगळ्या गावाले तंबी दिली. पोराच्या मोबाइलवर कोणी फोन लावाचा नाही म्हणे. कळंबेसाहेब आणतीन त्याले."

ही चेतनची आई, वंदनाबाई. नवरा अंगणात निपचित पडलेला असताना त्या बाईला हे सुचलं. पोराच्या खिशात आता मोबाइल असतो, हे तिच्या ध्यानात होतं. तिने गावाचं तोंड बंद केलं आणि पोराला यशवंतरावांवर सोपवलं. यशवंतरावांनी तोंडावरून हात फिरवला आणि ते खात्यात गेले.

चेतन तिशीचा. बडबड्या, हसरा. बापाचा एकुलता एक. यशवंतरावांना पाहून त्याने दुरूनच हात हलवला.

"चाल रे, घरून बोलावलं आहे. बाबाची तब्येत जराशी नरम आहे."

"सकाळी तं चांगले होते काकाजी." चेतनने हात पुसले. "दोन भाकरी खाऊन बसले होते."

"म्हणूनच तं. पोट धरलं असंन. डॉक्टर आला आहे. तू चाल."

गेटवर रखवालदाराने कागदाचा पास द्यायला नकार दिला. साहेब, बंद झाला, म्हणाला, मोबाइलवर काढा. परिवारमित्राला इतरांचाही पास काढता येई; यशवंतरावांनी मोबाइल काढला आणि चेतनचं नाव भरून 'वैयक्तिक' निवडलं. चाक फिरायला लागलं. फिरतच राहिलं. खातेप्रमुख मीटिंगला बसलेले. चेतन बाजूला उभा होता, आता तो गप्प झाला होता आणि एकदा फाटकाकडे, एकदा यशवंतरावांच्या तोंडाकडे बघत होता.

"काकाजी, काहून टाइम लागून राहिला? बाबाले जास्त आहे का?"

यशवंतरावांनी त्याच्याकडे पाठ केली. असंच इथं उभं राहिलं तर हे पोरगं आपल्या चेहऱ्यावरून सगळं वाचणार, हे त्यांना दिसत होतं. त्यांनी अ‍ॅपमध्ये मागं जाऊन दुसरं कारण निवडलं. निकटवर्तीयाचे निधन. नातं: वडील. त्यांना वाटलं, हे ऑफिसचं ऑफिसात राहील. तीस वर्षं ज्यांनी कागदावर बिनदिक्कत खोटं लिहिलं, त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा खरं लिहिलं. हिरवी खूण आली, फाटक उघडलं आणि यशवंतरावांनी मनातल्या मनात मृणालला आशीर्वादसुद्धा दिला.

सौंसरच्या हॉटेलात नेहमीप्रमाणे स्कूटर थांबली. चेतन म्हणाला, नको काकाजी, आधी घरी जाऊ. यशवंतराव म्हणाले, मलेच चक्कर येऊन राहिली बावा, गोळी घ्यायची आहे, उपाशीपोटी चालत नाही. यांच्या गोळ्या अशा वेळी नेमक्या निघायच्या. त्यांनी चेतनला बाकावर बसवलं आणि आलूबोंडे गरम करून दे म्हणून सांगायला कढईपाशी गेले. वळून पाहिलं तर चेतन मोबाइल हातात धरून बसला होता.

यशवंतराव तिथूनच परत फिरले. "कोणाचा फोन?"

"कोणाचा नाही." चेतनने मोबाइल खिशात टाकला. "कंपनीचं काही आलं आहे."

यशवंतरावांनी सुटकेचा श्वास सोडला. कंपनीचं रोजच काहीतरी येत असे. आज अमक्याचा वाढदिवस, उद्या सुरक्षा सप्ताह. प्लेट आली. मघाशी नको म्हणणारा चेतन काही न बोलता खायला लागला. हळूहळू, खाली मान घालून. त्याने दोन्ही आलूबोंडे संपवले, चटणीही संपवली, वर पाणी प्यायला. चला, पोटात काही गेलं, असं यशवंतरावांना वाटलं, आणि आपलं काम निम्मं झालं असं समजून ते उठले.

सौंसर मागं पडलं. इथवर येताना चेतन मागं स्टेपनी धरून बसला होता, आता त्याने यशवंतरावांच्या खांद्यावर हात ठेवला. खड्डे चुकवताना तो हात घट्ट होई. यशवंतराव बोलत होते. गप्प राहिलं की मागच्या माणसाच्या मनात नाही नाही ते येतं, म्हणून ते नेहमीच वाटभर बोलत.

"तुह्या बाबाले काही होत नाही. लोखंड आहे तो माणूस. मागच्या साली झाडावरून पडला, तं उठून पुन्हा झाडावर चढला."

"हाव काकाजी," मागून चेतन म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "आणखी सांगा न बाबाचं."

यशवंतरावांना जरा नवल वाटलं. पण सांगायला काय, भरपूर होतं. तुळशीराम संत्र्यांची पिशवी घेऊन गेटवर येतो आणि रखवालदाराच्या हातात संत्रं देत नाही, स्वतः सोलून देतो. का, तर म्हणतो, तुम्हाला सोलता येत नाही, तुम्ही रस सांडता. एकदा मोठे साहेब गाडीतून उतरले, तर त्यांनाही तसंच सोलून दिलं आणि बजावलं, बिया खिशात ठेवा, रस्त्यावर थुंकू नका. साहेबांनी खरंच खिशात ठेवल्या. यशवंतराव सगळं 'आहे, आहे' म्हणून सांगत होते. 'होता' असा शब्द चुकूनही निघू नये याचं त्यांना अवधान ठेवावं लागे, आणि त्यात ते पटाईत होते. साहेबाच्या बियांवर चेतन मागं हसलासुद्धा. ते हसणं त्यांनी ऐकलं.

रामाकोना आलं. घराच्या अलीकडच्या वळणावर त्यांनी स्कूटर बंद केली. पलीकडून बायकांचा आवाज येतच होता. ते उतरले, चेतनच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "चेतन, बेटा, एक सांगतो..."

"राहू द्या काकाजी," चेतन म्हणाला. "मले माहीत आहे."

त्याने खिशातून मोबाइल काढून त्यांच्यापुढं धरला. त्यावर लिहिलं होतं: प्रिय चेतन, आपल्या वडिलांच्या निधनाच्या दुःखात परिवार सहभागी आहे. आपली रजा मंजूर झाली आहे. त्याखाली आणखी एक ओळ होती. रजा मंजुरीचा आपला अनुभव कसा वाटला, कृपया कळवा. आणि त्याखाली पाच पोकळ तारे, भरण्यासाठी.

यशवंतरावांनी ते दोनदा वाचलं. पहिल्यांदा त्यांना त्याचा अर्थच लागेना. मग हॉटेलातला बाक डोळ्यांपुढं आला, खाली मान घालून खाणारा चेतन आला, खांद्यावरचा घट्ट हात आला. पोराला तेव्हाच कळलं होतं. गर्दीच्या हॉटेलात, एकट्याला, आणि सांगणारं दुसरं कुणी नव्हतं. निकटवर्तीयाचे निधन हे त्यांनीच, आपल्या बोटाने निवडलं होतं. त्यांच्या हातातून स्कूटर सुटली आणि आडवी झाली. ते खालीच बसले असते, पण चेतनने त्यांना दोन्ही काखांत हात घालून धरलं. ज्याला धरायला ते आले होते त्याने त्यांना धरलं आणि तसंच धरून अंगणापर्यंत नेलं. लोकांना वाटलं, कळंबेसाहेबांच्या जवळचं कुणी गेलं की काय.

वंदनाबाईंनी पोराला पाहिलं आणि त्यांचा बांध फुटला. चेतन आईच्या गळ्यात पडला आणि तिथं तो रडला, लहान मुलासारखा. आईला त्याने सांगितलं नाही. यशवंतरावांनीही नाही.

पण कंपनीचं अजून संपलं नव्हतं. दुपारी अंत्यविधीला गिरणीतलीही बरीच माणसं आली. नदीकाठी सगळे शांत उभे असताना एकामागून एक खिसे वाजायला लागले. अंगणात परिवारने आपोआप श्रद्धांजलीचं कार्ड टाकलं होतं. परिवारला चेतनचे वडील कसे दिसतात ते काय माहीत? त्याच्याकडे चेतनचाच ओळखपत्रावरचा फोटो होता, हसरा. तोच त्याने लावला होता, भोवती पांढरी फुलं काढून. खाली अंगठे येऊ लागले होते. दूरच्या कारखान्यातल्या कुणीतरी लिहिलं होतं, चेतनभाऊ, तुमची आठवण येत राहील. आणि जिवंत चेतन समोर खांद्यावर मडकं घेऊन बापाच्या चितेला फेरी मारत होता.

यशवंतराव उभ्या आयुष्यात कधी ओरडले नव्हते. ते काठापासून लांब गेले आणि त्यांनी मृणालला फोन लावला.

"मॅडम, ते काढा."

"काय काढू, काका?"

"अंगणात पाहा. त्या पोराची माय आहे इथं गावात. तिनं जर पाहिलं तं आज दोन प्रेतं उठतीन. काढा ते आत्ताच्या आत्ता."

पलीकडे तिने अंगण उघडून पाहिलं. मग मृणालचा आवाज आला, पार बदललेला. "काका, हे मला इथून काढताच येत नाही. ते आपोआप होतं. मुंबईला सांगावं लागेल."

"माणसानं नाही केलं?"

"नाही काका. कुणीच नाही केलं."

यशवंतरावांना या उत्तराचा जितका धक्का बसला तितका कार्डाचाही बसला नव्हता. चूक करणारा माणूस असला की त्याला शिव्या देता येतात, पुढं त्याला माफही करता येतं. इथं कुणीच नव्हतं. गिरणीतल्या पोरांनी आपापले मोबाइल बंद केले आणि गावातल्या कुणाच्या हातात ते कार्ड जाऊ नये म्हणून अंधार पडेपर्यंत घराच्या फाटकाशी बसून राहिले. कार्ड त्यानंतर कधीतरी उतरलं.

दुसऱ्या दिवशी मृणाल स्वतः रामाकोन्याला आली. एकटीच. वंदनाबाईंच्या बाजूला बायकांत जाऊन बसली आणि रडली. बायकांना वाटलं, मोठ्या मायेची पोरगी आहे. तशी ती होतीच. परत जाताना तिने यशवंतरावांना विचारलं, की परिवारमध्ये काय बदलू. ते म्हणाले, मले त्यातलं काही समजत नाही मॅडम, समजलं असंच मी समजत होतो. त्यांनी कंपनीचा मोबाइल तिच्या हातात ठेवला.

ती पुन्हा मुंबईशी भांडली. आपोआप जाणारा निरोप आणि कार्ड बंद व्हायचे तेव्हा होतील, पण आमच्या गिरणीपुरतं गेटपासमध्ये एक कारण वाढलं, ज्याला कुणाची मंजुरी लागत नाही आणि ज्याच्यावर परिवार कुणाला काही कळवत नाही. घरगुती काम. बाकीच्या कारखान्यांतल्या लोकांना हे काय आहे ते अजून समजलेलं नाही.

यशवंतरावांची चक्कर मात्र बंद पडली. ते टाइम ऑफिसात येत, खिडकीशी बसत, हजेरी पाहत आणि घरी जात. खात्यातली माणसं विचारत, काकाजी दिसत नाहीत, काय झालं. सरलाबाई विचारत, जेवण काहून जाऊन नाही राहिलं. ते दुसरंच काहीतरी बोलत. आपण त्या पोराला वाटभर मूर्ख बनवत होतो, आणि तो गप्प बसून आपलं ते नाटक पाहत होता, हे त्यांना आठवे आणि भर दिवसा त्यांचं तोंड गरम होई.

तेरवी झाली आणि चेतन कामावर आला. डोकं भादरलेलं. तो आधी टाइम ऑफिसच्या खिडकीशी आला. हातात पिशवी होती.

"बाबाच्या हातचा शेवटचा तोडा आहे काकाजी. सोलता येत नसंन तं सांगा."

यशवंतरावांनी पिशवी घेतली. मग त्यांना राहवलं नाही.

"तुले हॉटेलातच समजलं होतं, चेतन. मंग बोलला काहून नाही रे? मी आपला येड्यासारखा बोलत राहिलो. लोखंड आहे म्हणून राहिलो, झाडावर चढते म्हणून राहिलो. तू मले थांबवाचं होतं."

चेतनने खिडकीचा गज धरला. आत मशीन चालू असल्याचा आवाज येत होता.

"तुम्ही 'आहे, आहे' म्हणून राहिले होते काकाजी," तो म्हणाला. "मले वाटलं, हे बोलून राहिले तोपर्यंत बाबा आहे. रामाकोना येऊच नाही असं वाटून राहिलं होतं."

यशवंतरावांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, खिडकीच्या गजांतून हात बाहेर घातला आणि त्याचा हात धरला.